कोकणातल्या फळांचे घरगुती जॅम, जेली आणि मुरांबे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात फळे एकदम येतात आणि एकदम संपतात. एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत हापूस, रायवळ, करवंदे, रातांबे (कोकमाची फळे), फणस आणि जांभळे एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात, आणि त्यांतले जे खाऊन संपत नाही ते टिकवायचे कसे हा प्रश्न दरवर्षी प्रत्येक घरात उभा राहतो. त्या संदर्भात सतत विचारल्या जाणाऱ्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत.

जॅम, जेली आणि मुरांबा यांत नेमका फरक काय?

फळाचा गर साखरेबरोबर आटवून, पोळीला लावता येईल इतका घट्ट केला की त्याला जॅम म्हणतात. जेलीमध्ये गर नसतो. फळ पाण्यात शिजवून त्याचे निवळ पाणी तेवढे घेतात आणि ते साखरेबरोबर उकळून गोठवतात. मुरांब्यात फळाच्या फोडी अखंड राहतात व पाक त्यांच्या आतपर्यंत मुरतो. साखरांबा, मोरावळा आणि अननसाचा मुरांबा ही या शेवटच्या प्रकारातली मंडळी होत.

जॅम घट्ट कशामुळे होतो? नुसता आटवून भागत नाही का?

नुसता आटवला तर तो घट्ट होतो खरा, पण तो चिवट पाक असतो, जॅम नव्हे. जॅमला घडी येते, म्हणजे तो गोठून बसतो, ती फळातल्या पेक्टिन या द्रव्यामुळे. पेशींना एकत्र धरून ठेवणारे हे द्रव्य शिजताना पाण्यात उतरते, आणि पुरेशी साखर व पुरेसा आंबटपणा मिळाला की त्याचे धागे एकमेकांत गुंतून सगळे पाणी आपल्या जाळ्यात धरून ठेवतात. साखर, आंबटपणा आणि पेक्टिन यांपैकी एक जरी कमी पडले तरी जाळे बसत नाही. तयार जॅममध्ये विरघळलेल्या घन पदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण सुमारे ६५ टक्के असावे लागते. बाजारात विकल्या जाणाऱ्या जॅमसाठी भारतीय अन्नसुरक्षा नियमांतही हीच किमान मर्यादा आहे, आणि फळाचे प्रमाण सर्वसाधारणपणे ४५ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. आंबटपणाचा सामू, म्हणजे पीएच (तो जितका कमी तितका पदार्थ आंबट), ३ ते ३.३ च्या आसपास असला तर घडी उत्तम बसते.

कोणत्या फळांत पेक्टिन पुरेसे असते?

पेरू, आवळा, कैरी, चिंच, कवठ, कच्ची करवंदे आणि लिंबूवर्गीय फळांच्या साली यांत ते भरपूर असते. अननस आणि पिकलेल्या फणसाचे गरे यांत कमी असते. पिकलेला आंबा मध्ये कुठेतरी बसतो. मात्र फळाच्या नावापेक्षा त्याची पक्वता अधिक महत्त्वाची आहे, कारण फळ पिकत जाते तसतसे त्यातले पेक्टिन मोडत जाते आणि आंबटपणाही उतरत जातो.

घरच्या घरी तपासणी करायची असल्यास शिजवलेल्या फळाचा थंड झालेला रस चमचाभर घ्यावा, त्यात दोन चमचे सर्जिकल स्पिरिट घालून वाटी हलकेच फिरवावी आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. रसाचा एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे, दोन-तीन मोठे तुकडे झाले तर बेताचे आहे, आणि बारीक कण्या झाल्या तर या रसात पेरूचा किंवा कैरीचा रस मिसळल्यावाचून गत्यंतर नाही. ही तपासणी शेगडीपासून दूर करावी, आणि तपासलेला रस विषारी असल्यामुळे चाखून न पाहता फेकून द्यावा.

अढीत जास्त पिकलेले, डागी आंबे जॅमसाठी वापरावेत का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर अनेकांना रुचत नाही. खाण्याजोगे आंबे खाल्ल्यावर उरलेले लिबलिबीत आंबे जॅमला लावायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. आणि कोकणातल्या घरगुती जॅमपैकी बहुतेक पातळ राहतात ते याच रीतीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. जास्त पिकलेल्या आंब्यात गोडी आणि वास असतो, पण जॅम धरून ठेवणारे पेक्टिन आणि आंबटपणा हे दोन्ही ओसरलेले असतात. असे आंबे अजिबात वापरू नयेत असे नाही. ते आमरसाला किंवा आंबापोळीला लावावेत, आणि जॅमसाठी वापरायचेच असतील तर एकूण गराच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नयेत. बाकीचा आंबा नुकता पिकलेला, दाबल्यावर किंचित कडक लागणारा असावा. घराच्या आसपास आंबटसर रायवळाचे झाड असेल तर त्याचा गर गाळून अवश्य मिसळावा, कारण रायवळाची आंबट धार हापूसच्या गोडव्याला जेवढी शोभते तेवढे लिंबूही शोभत नाही.

साका पडलेला, म्हणजे आतून पांढरट व स्पंजासारखा झालेला भाग कापून टाकावा. आंबलेला किंवा बुरशी आलेला आंबा मात्र कापून वापरण्यात काटकसर नाही, तो सरळ खतात जावा.

हापूसच्या जॅमचे प्रमाण काय?

एक किलो गर, एका मध्यम कैरीचा शिजवून गाळलेला गर, पाऊण किलो साखर आणि दोन ते तीन लिंबांचा रस हे प्रमाण सहसा फसत नाही. लिंबे नसतील तर सपाट चहाचा चमचाभर सायट्रिक ॲसिड थोड्या पाण्यात विरघळवून घालावे.

आधी दोन्ही गर एकत्र करून मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावेत, मग साखर घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे, आणि त्यानंतर आच मोठी करून भरभर आटवावे. साखर पडल्यावर मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलेला जॅम काळवंडतो, त्याचा वास जातो आणि लांबलेल्या उकळीने पेक्टिनही तुटते. याच कारणासाठी एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त गर घेऊ नये. मोठे पातेले भरले की ते आटायला वेळ लागणारच. लिंबाचा रस शेवटच्या पाच मिनिटांत घालावा. हा जॅम आटताना फार उडतो आणि त्याचा चटका साध्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो, तेव्हा लांब दांड्याचा कालथा वापरावा व मुलांना चुलीपासून दूर ठेवावे.

जॅम झाला हे कसे ओळखावे?

तापमापक असेल तर काम सोपे होते. पाणी ज्या तापमानाला उकळते त्याच्या वर ४ ते ५ अंश गेले की जॅम झाला. मालवण, गुहागर किंवा अलिबागसारख्या किनाऱ्यावरच्या गावी हे तापमान १०४ ते १०५ अंश सेल्सिअस असते. परंतु घाटमाथ्यावर, आंबोलीसारख्या सुमारे ७०० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे तिथे १०२-१०३ अंशांनाच थांबावे लागते. किनाऱ्यावरची पाककृती वाचून आंबोलीत १०५ अंशांची वाट पाहणाऱ्याच्या पदरी टॉफी पडते.

तापमापक नसेल तर बशी थंड करून तिच्यावर अर्धा चमचा जॅम टाकावा, मिनिटभराने बोटाने हलकेच सारावा. पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या आणि मधली रेघ लगेच भरून आली नाही तर जॅम तयार आहे. ही परीक्षा करताना पातेले चुलीवरून खाली उतरवावे, नाहीतर परीक्षेचा निकाल लागेपर्यंत जॅम पुढे निघून गेलेला असतो. जेलीच्या बाबतीत डाव आडवा धरून पाहावे: थेंब एकामागून एक गळण्याऐवजी दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे तुटून पडले की ती झाली.

वजनाची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते. रिकामे पातेले आधी तोलून ठेवावे. जेलीचे किंवा आंबट फळांच्या जॅमचे वजन घातलेल्या साखरेच्या सुमारे दीडपट उरले की थांबावे. हापूसमध्ये स्वतःची साखर बरीच असल्याने तिथे हा हिशेब लागू पडत नाही. वरच्या प्रमाणात साधारण १ किलो ४०० ग्रॅम जॅम उरला की तो झाला असे समजावे.

करवंदांची जेली कशी करावी?

कोकणातल्या फळांत जेलीसाठी करवंदाइतके योग्य फळ दुसरे नाही, आणि तरीही बहुतेक घरांत त्यांचे लोणचे होते किंवा ती द्रोणातूनच संपतात. तीन भाग लालसर, अर्धवट पिकलेली करवंदे आणि एक भाग पूर्ण पिकलेली काळी करवंदे घ्यावीत. पहिल्यांतून घडी येते आणि दुसऱ्यांतून रंग व स्वाद येतो. देठ काढताना पांढरा चीक निघतो, म्हणून हाताला खोबरेल लावावे आणि करवंदे दोन-तीन पाण्यांतून धुवावीत.

धुतलेली करवंदे पातेल्यात घालून ती जेमतेम बुडतील एवढेच पाणी ओतावे आणि वीस-पंचवीस मिनिटे मंद शिजवून पळीच्या पाठीने ठेचावीत. मग ओल्या, दाट विणीच्या पंच्यात घालून पंचा टांगून ठेवावा आणि रस आपोआप गळू द्यावा. त्याला चार-पाच तास लागतात, रात्रभर ठेवल्यास उत्तम. रस मोजून एका वाटीला पाऊण ते एक वाटी साखर घ्यावी आणि मोठ्या आचेवर उकळून वर सांगितलेली परीक्षा येताच उतरवावे. वर येणारा फेस शेवटी एकदाच काढावा. करवंद मुळातच आंबट असल्याने लिंबू लागत नाही. निवल्यावर ही जेली माणकासारखी लाल दिसते.

रानातल्या बारीक करवंदांतून रस थोडा निघतो. लागवड करायची असल्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात उपलब्ध आहे.

जेली गढूळ का होते?

पंचा पिळला म्हणून. दुसरे कारण क्वचितच असते. उरलेला चोथा वाया जातो असे वाटत असेल तर त्यात थोडे पाणी घालून पुन्हा शिजवावा आणि चाळणीतून गाळून त्याचा वेगळा जॅम करावा.

जांभळाचा जॅम जमतो का?

जमतो, पण त्याला मदत लागते. पिकलेल्या जांभळांबरोबर मूठभर लालसर, तुरट जांभळे घ्यावीत, बियांसकट थोड्या पाण्यात शिजवून गर चाळणीवर घासून घ्यावा, आणि किलोभर गराला दोन लिंबांचा रस व पाव किलो पेरूचा गर घालावा. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीची मोठी, मांसल जांभळे मिळाली तर गराचा उतारा चांगला पडतो. जांभळाचा रंग लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या भांड्यात बिघडतो, म्हणून स्टीलचेच पातेले घ्यावे.

फणसाचा जॅम टिकत नाही, असे का?

फणस गोड असतो, पण आंबट नसतो. पिकलेल्या गऱ्यांचा सामू ५ च्या आसपास असतो, आणि ४.६ च्या वर सामू असलेल्या पदार्थांना केवळ उकळून बाटलीबंद करणे सुरक्षित मानले जात नाही, कारण हवाबंद बाटलीत घातक जिवाणू वाढण्याचा धोका असतो. म्हणून फणसाच्या जॅममध्ये किलोभर गराला किमान दीड ते दोन सपाट चमचे सायट्रिक ॲसिड घालावेच, साखर गराइतकीच घ्यावी, बाटल्या लहान घ्याव्यात आणि त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. जॅमसाठी मऊ, रसाळ गऱ्यांचा बरका फणस चांगला, कारण त्याचे गरे चाळणीतून सहज उतरतात. कापा फणसाचे कडक गरे पाकात मुरवायला जास्त शोभतात. गऱ्यांमधल्या पात्या आणि सालीचा आतला भाग यांत पेक्टिन भरपूर असते. ते पाण्यात शिजवून गाळलेले पाणी जॅममध्ये घातल्यास घडी बसते आणि गुरांपुढे जाणारा हा भाग एकदा आपल्याही उपयोगी पडतो.

काजूच्या बोंडूंचा जॅम घशाला का लागतो?

बोंडूतल्या तुरट टॅनिनमुळे. बोंडू मिठाच्या पाण्यात, म्हणजे एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम मीठ घालून, चार-पाच मिनिटे उकळावेत, पाणी टाकून द्यावे, बोंडू स्वच्छ धुवावेत आणि मगच त्यांचा गर करावा. तुरटपणा पूर्ण जात नाही, पण खाण्याजोगा होतो. झाडावरून त्याच दिवशी पडलेले बोंडू घ्यावेत, कारण दुसऱ्या दिवशी ते आंबू लागतात. वेंगुर्ले-मालवण भागात मार्च-एप्रिलमध्ये बियांसाठी पिळून बागेत फेकलेल्या बोंडूंचे ढीग पाहिले की या प्रश्नाचे महत्त्व कळते.

लिंबाऐवजी कोकमाचे आगळ घातले तर चालेल का?

चालणार नाही, कारण आगळात, म्हणजे रातांब्यांच्या टिकवलेल्या रसात, भरपूर मीठ असते. रातांब्यांच्या ताज्या सालींचा मीठ न घातलेला रस मात्र जरूर वापरावा. तो लिंबापेक्षा आंबट असतो आणि पेरूच्या किंवा अननसाच्या जॅमला सुरेख रंग देतो. रातांब्यांच्या साली साखरेचे थर देऊन चिनीमातीच्या बरणीत भरायच्या, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून उन्हात ठेवायच्या आणि सुटलेला रस गाळून घ्यायचा, हे अमृतकोकम आपल्याकडे घरोघर होते. त्याच्या तळाशी उरलेल्या गोड साली फेकू नयेत. त्या बारीक चिरून अननसाच्या जॅममध्ये घालाव्यात.

साखरांब्याच्या फोडी आकसतात आणि मोरावळ्याचे आवळे कडक होतात. उपाय काय?

दोन्हींचे कारण एकच आहे: फळ घट्ट पाकात एकदम बुडवले की पाक आत शिरण्याआधी फळातले पाणी बाहेर ओढले जाते. कैरीच्या फोडी आधी पाण्याचा थेंबही न लागू देता वाफवून घ्याव्यात, आणि त्या पारदर्शक दिसू लागल्यावरच किलोभर फोडींना सव्वा किलो साखरेच्या पाकात सोडाव्यात. एकतारीच्या किंचित पुढे गेला की पाक उतरवावा, कारण मुरताना तो आणखी दाट होतो.

आवळ्यांना काट्याने सर्व बाजूंनी खोल टोचे मारावेत, ते वाफवून घ्यावेत आणि पहिल्या दिवशी पातळ पाकात ठेवावेत. पुढे रोज आवळे बाजूला काढून पाक थोडा आटवायचा व पुन्हा आवळे सोडायचे, असे चार-पाच दिवस करावे लागते. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

साखर कमी करता येईल का? गूळ चालेल का?

गोडी कमी करता येते, पण मग टिकाऊपणाही तेवढा कमी होतो हे मान्य करावे लागते. निम्मी साखर घातलेला जॅम म्हणजे शिजवलेला गर. तो फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा. मधुमेह असलेल्यांनी घरगुती जॅम ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त खाऊ नये, त्यातली साखर ही साखरच असते.

गूळ गुळांब्याला शोभतो. जेलीत तो घालू नये, कारण रंग काळपट होतो आणि फळाचा स्वाद दबतो. शिवाय गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नसतो.

भांडे कोणते घ्यावे?

जाड बुडाचे, रुंद तोंडाचे स्टीलचे पातेले. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे आंबट पदार्थाला कधीही वापरू नये.

बाटल्या कशा भराव्यात आणि पावसाळ्यात कशा सांभाळाव्यात?

काचेच्या बाटल्या साबणाने धुऊन दहा मिनिटे पाण्यात उकळाव्यात, काढून कोरड्या कराव्यात आणि त्या गरम असतानाच गरम जॅम भरावा. थंड काचेत उकळता जॅम ओतला तर बाटली तडकते. तोंडापासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडावी, कडेला लागलेला जॅम स्वच्छ फडक्याने पुसावा आणि झाकण लगेच घट्ट लावावे. महिन्याहून अधिक काळ बाहेर ठेवायच्या बाटल्या झाकणासह उकळत्या पाण्यात बुडवून आणखी दहा मिनिटे उकळाव्यात. जॅमवर मेण ओतण्याची जुनी पद्धत आता सुरक्षित मानली जात नाही, कारण मेण कडेने सुटते आणि फटीत बुरशी धरते.

पावसाळ्यात बाटल्या भिंतीच्या ओलीपासून दूर, अंधाऱ्या फळीवर ठेवाव्यात. झाकणांवर खाऱ्या हवेने गंज चढतो, म्हणून अधूनमधून ती कोरड्या फडक्याने पुसावीत. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. वीज जाणे नित्याचे असेल तर दोनशे ग्रॅमच्या बाटल्या भराव्यात, एक उघडली की ती आठवड्यात संपते. ओला चमचा बाटलीत घालणाऱ्यास घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे समज द्यावी.

वर बुरशी आली तर तेवढा भाग काढून बाकीचा खावा का?

नाही. बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात आणि काही बुरश्या विषारी द्रव्ये तयार करतात. बाटली पूर्ण रिकामी करावी. पुन्हा उकळल्याने ही द्रव्ये नाहीशी होतीलच असे नाही.

जॅम पातळ राहिला, साखर फुटली किंवा पाणी सुटले तर?

पातळ राहिलेला जॅम लगेच पुन्हा उकळू नये; काही जॅम पक्के बसायला एक-दोन दिवस घेतात. त्यानंतरही पातळ असेल तर किलोमागे एका लिंबाचा रस आणि वाटीभर पेरूचा दाट रस घालून, मोठ्या आचेवर थोडा वेळ आटवावा.

साखरेचे खडे धरतात ते आंबटपणा कमी पडल्यामुळे किंवा साखर जास्त झाल्यामुळे. आंबट पदार्थात उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत मोडतो आणि तो भाग उरलेल्या साखरेला खडे धरू देत नाही. जेलीला पाणी सुटते ते मात्र उलट कारणाने, म्हणजे आंबटपणा जास्त झाल्यामुळे, किंवा ती बसत असताना बाटली हलवल्यामुळे.

सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठीचे रसायन घालणे आवश्यक आहे का?

पूर्ण साखर असलेल्या, नीट बाटलीबंद केलेल्या घरगुती जॅमला त्याची गरज नाही. विक्रीसाठी घालायचे असल्यास कायद्याने ठरवलेली मर्यादा पाळावी लागते, आणि त्यासाठी ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा हवा. चिमटीने घालण्याचा हा पदार्थ नव्हे.

घरी केलेला जॅम विकायचा असेल तर?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. बचत गटांनाही ती लागू आहे. लेबलावर घटक, वजन, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि नोंदणी क्रमांक असावा. ‘हापूस’ असे छापायचे असेल तर आत हापूसच असावा. कोकणातल्या हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि या नावावर दुसरा आंबा खपवणे केवळ अप्रामाणिकपणाचे नव्हे, कायद्याच्याही विरुद्ध आहे.

मुंबईच्या माणसांबरोबर बाटल्या पाठवताना काय काळजी घ्यावी?

जेली भरल्यावर किमान एक पूर्ण दिवस जागची हलवू नये. घाटरस्त्याच्या धक्क्यांनी अर्धवट बसलेली घडी मोडते आणि ती पुन्हा बसत नाही. जॅम व मुरांबा त्यामानाने सोशिक असतात. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, मधल्या फटीत पेंढा भरून उभ्याच ठेवाव्यात, आणि रात्रीच्या गाडीने पाठवाव्यात, म्हणजे मेच्या उन्हात तापलेल्या डिकीत त्या दिवसभर पडून राहत नाहीत.